आप्पांचं खाकरणं आणि कोपऱ्याचं टेबल

आमच्या दाराला बेल आहे, पण आप्पांनी ती कधी दाबली नाही. ते खाकरायचे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एकदा आणि उंबऱ्याशी एकदा. त्याचा घसा साफ करण्याशी काही संबंध नव्हता. घसा स्वच्छ असला तरी ते खाकरायचेच. तो निरोप असायचा की मी येतोय, लेकी-सुनांनी सावरून घ्यावं. पहिल्या खाकरण्याला मी हातातलं काम टाकायची, दुसऱ्याला ओढणी डोक्यावर घेऊन उभी राहायची. आप्पा आत यायचे तेव्हा सगळं घर उभं असायचं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. बिडकीनच्या पलीकडं आमचं गाव, तिथं ते पोलीस पाटील होते. पाटीलकी सुटली, गुडघे कुरकुरायला लागले, तसे ते सासूबाईंना घेऊन सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. येताना एक ट्रंक, एक काठी आणि गावाकडचे सगळे कायदे घेऊन आले. हॉलमध्ये खिडकीखाली दिवाण होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. तिथून दार दिसायचं, स्वयंपाकघराचा पडदा दिसायचा आणि खालच्या गल्लीत कोण आलं-गेलं तेही. पांढरी टोपी, पांढरं उपरणं, पेपर वाचताना ओळीखाली फिरणारं बोट. सरकारनं काही चुकीचं केलेलं वाचलं की ते बोट तिथंच थांबायचं आणि आम्हाला चहा आणायला उशीर झाला असं वाटायचं.

सून म्हणून माझ्याशी ते थेट बोलत नसत. राग म्हणून नाही, अदब म्हणून. पाणी हवं असलं तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणायचे, "पाणी मिळंल का म्हणावं." घड्याळ काही हलायचं नाही, मी हलायची. मला ताप चढला होता तेव्हा सुद्धा त्यांनी घड्याळालाच विचारलं होतं, "दवाखान्यात न्यायचं का म्हणावं त्यांनला?"

आणि सगळ्यात मोठा कायदा खुर्चीचा. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही. सासूबाई तर आजन्म बसल्या नाहीत; नवरा समोर असला की त्या जमिनीवर. गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना खाली बसायची सक्त मनाई केली, तर त्या पलंगाच्या कडेला टेकायला लागल्या, म्हणजे धड बसणंही नाही आणि उभं राहणंही नाही. मला या सगळ्याचा मनापासून राग यायचा. मी शिकलेली बाई, जालना रोडवरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं होती. पण घरात आले की माझे पाय माझं ऐकायचे नाहीत. खाकरणं ऐकलं की ते आपोआप उभे राहायचे.

नोकरीला मात्र आप्पांची हरकत कधीच नव्हती. एकदा मी डबा विसरले, तर ते स्वतः रिक्षानं ऑफिसपर्यंत आले. मला संध्याकाळी कळलं, तेही वॉचमनकडून. "तुमचे बाबा काचेतून लई वेळ बघत हुते," तो म्हणाला. "म्या म्हणलं, आत जा की. तर म्हणले, नगं. मी गेलो की त्या उठतील." डबा त्याच्या हातात देऊन, मला खुर्चीवर बसलेली काचेतून डोळे भरून बघून आप्पा परत गेले होते. घरी आल्यावर त्यांनी त्याबद्दल घड्याळाला सुद्धा काही सांगितलं नाही.

मग आमचं ऑफिस बंद झालं. काम विम्याचं होतं. माणूस दवाखान्यात भरती झाला की नातेवाईक घाबरून फोन करायचे आणि विमा मंजूर होतोय का ते आम्ही सांगायचो. कंपनीनं शहरातली जागा सोडली आणि पुण्याच्या मॅडमनी कळवलं की ज्यांना घरून काम जमेल त्यांची नोकरी राहील. अट एकच. घरात स्वतंत्र टेबल-खुर्ची, मागं कसलाही आवाज नाही, आणि त्या स्वतः व्हिडिओवर बघून चाचणी घेणार. चाचणीत नापास म्हणजे राम राम. संदीपचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, वाळूजचा कारखाना तेव्हा अर्धा महिना चालायचा आणि अर्धा महिना झोपायचा. माझी नोकरी गेली असती तर आमच्या घराचा एकच पाय उरला असता, तोही लंगडा.

जागा शोधायला फार डोकं लागलं नाही, कारण जागाच नव्हती. आमच्या खोलीत पलंग आणि कपाटाच्या मधून माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो. दुसऱ्या खोलीत सासूबाई आणि माझी लेक, तिचं दहावीचं वर्ष. इंटरनेटची वायरही हॉलमध्येच येत होती. उरला हॉलचा एक रिकामा कोपरा, आप्पांच्या दिवाणापासून चार पावलांवर.

जेवताना संदीपनं विषय काढला. आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"हापिस हापिसात असतंय," ते म्हणाले. "घरात घर असतंय."

"आप्पा, आता हापिसच घरात येतंय. त्याला काय करायचं?"

"मंग दिवसभर त्या बसणार खुर्चीवर आन् मी दिवाणावर?"

संदीपनं आवाज चढवला, सासूबाईंनी वरण वाढायच्या निमित्तानं मध्ये हात घातला. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागं उभी होते. माझ्या तोंडात असे शब्द आले होते की ते बाहेर पडले असते तर पुन्हा आत गेले नसते.  दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, चाचणी शुक्रवारी ठेवू का? मी हो म्हणून टाकलं.

सासूबाईंनी मला भाजी निवडताना एक गोष्ट सांगितली. गावात दोन भाऊ बांधावरून इरेला पेटले होते. धाकट्याच्या शेतात जायला वाटच नव्हती, आणि थोरला म्हणायचा, बांधाला हात लावलास तर कुऱ्हाड घालीन. लोक म्हणाले, पाटील, बांध मोडायचा हुकूम द्या. आप्पा दोन्ही शेतांतून नुसते फिरत राहिले. मग त्यांनी ओढ्याच्या काठाकाठानं एक वाकडी वाट काढून दिली. लांबची, पण कोणाचं एक ढेकूळही न हलवता. "त्यांचं आसंच आसतंय," सासूबाई म्हणाल्या. "बांध मोडू नये, वाट काढावी. आता बी फिरायलेत बघ मनातल्या मनात."

आणि खरंच, संध्याकाळी आप्पांनी घड्याळाला सांगितलं, "उद्या शहागंजला जायचं म्हणावं. कोपऱ्याचं टेबल बघायला."

त्यांचा न्याय असा होता. सासऱ्याच्या समोर खुर्चीवर बसणं ही बेअदबी, कबूल. पाठ करून बसणं त्याहून वाईट. पण कोपऱ्यात कड करून बसलेलं माणूस समोरही नसतं आणि पाठमोरंही नसतं. "ते कोपऱ्यात आसतंय," आप्पा म्हणाले, जणू तसा सरकारी कायदाच आहे. मला हसू आवरेना.

कोपऱ्याच्या टेबलाला दोन बाह्या असतात, एक लांब, एक आखूड. माणूस लांब बाहीशी बसतो. आमच्या हॉलमध्ये लांब बाही गॅलरीच्या भिंतीला आली तर माझी कड दिवाणाकडं होणार होती. ती दुसऱ्या भिंतीला आली तर सरळ पाठ. सगळं त्या एका गोष्टीवर होतं, आणि आप्पांनी ते घरी काठीनं फरशीवर दाखवून पक्कं केलं होतं.

दुकान जुन्या फर्निचरचं होतं. मालक रशीदभाई, बोलका माणूस. संदीप गाडी लावायला जागा शोधत गेला तो गेलाच, कारण शहागंजात गाडीला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. राहिले मी, आप्पा आणि रशीदभाई. आता माझ्याशी बोलायला घड्याळही नव्हतं. आप्पा रशीदभाईंना म्हणाले, "त्यांनला ईचारा, उंची बरी वाटती का."

मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभी. रशीदभाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "भाभी, अब्बा पूछरे, ऊँचाई बराबर हय क्या?"

"बराबर आहे म्हणा," मी म्हणाले.

"बराबर हय बोलरे, अब्बा."

असं आमचं बराच वेळ चाललं. मग ते आलंच, ज्याची मला धास्ती होती. रशीदभाई म्हणाले, बसून बघितल्याशिवाय टेबल कळत नाही.  आप्पांनी उपरणं झटकलं, आमच्याकडं पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

"बसा म्हणावं," ते रस्त्याला म्हणाले. "मी हिकडं बघतो."

मी बसले. त्यांच्यासमोर म्हणता येणार नाही, पण एका छताखाली, आयुष्यात पहिल्यांदा. माझी नजर माझ्याच चपलांवर होती. आप्पा पाठमोरेच हुकूम देत होते. दिवाण कुठं येतो ते दाखवायला रशीदभाईंना स्टुलावर बसवायचं ठरलं. "माझ्या उजव्या अंगाला," आप्पांनी मागं न बघता हात केला. रशीदभाई त्या हाताकडं स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "एकदम साइड से दिखरे भाभी. पीठ नहीं, मुँह नहीं."

"झालं तर मग," आप्पा म्हणाले. "हेच."

टेबलाकडं पाठ केली की माणसाचा उजवा हात उलट्या बाजूला जातो. हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. आप्पांनी एकदा मान वळवून बघितलं असतं तर क्षणात आलं असतं, पण मान वळवायची नाही म्हणूनच तर हा खटाटोप होता.

गुरुवारी संध्याकाळी टेबल घरी आलं. हमालांनी ते कोपऱ्यात सरकवलं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. लांब बाही नेमकी नको त्या भिंतीला. फिरवावं तर गॅलरीचं दार अडत होतं. खुर्ची ठेवली, आणि खुर्चीची पाठ थेट दिवाणाकडं. संदीपनं रशीदभाईंना फोन लावला; उद्या शुक्रवार, दुकान बंद. परवा बदलून देतो म्हणाले. चाचणी उद्या सकाळी होती. संदीप हसायला लागला, मग आप्पांचा चेहरा बघून थांबला. आप्पा काठीवर हनुवटी टेकून त्या खुर्चीच्या पाठीकडं बघत बसले होते. गावात इतक्यांच्या वाटा काढल्या, आणि स्वतःच्या घरात माप चुकलं.

"मी सकाळी देवळाच्या पारावर जाऊन बसतो," ते अखेर म्हणाले. "मी घरातच नाय, तर पाठ कोणाकडं?"

शुक्रवारी मी ओढणीवरून हेडफोन लावला, मग हेडफोनवरून ओढणी घेतली, मग दोन्ही काढून पुन्हा लावलं. चाचणी छान सुरू झाली. मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर, आणि त्यांनी उभा केलेला खोटा ग्राहक फोनवर. मी त्याला धीर देत होते. आणि जिन्यातून आवाज आला.

खाकरणं. मग उंबऱ्याशी दुसरं.

पारावर ऊन आलं होतं आणि छाती भरून आल्यासारखं झालं म्हणून आप्पा लवकर परतले होते. त्या हिवाळ्यापासून त्यांना दम्याचा त्रास सुरू झाला होता. पण दाराशी येऊन खाकरले ते दम्यानं नाही, सवयीनं. आणि मीही सवयीनं ताडकन उठले. हेडफोनची वायर ताणली, लॅपटॉप सरकून आडवा झाला, खुर्ची मागं कलंडली. मॅडमना पडद्यावर आमचं छत दिसत असावं.

"काय झालं? कोण आलं?" त्या म्हणाल्या. "आवाज कसला होता तो?"

मी काय सांगणार होते? सासरे खाकरले म्हणून मी उभी राहिले, हे पुण्याच्या कुठल्या नियमात बसवणार? मॅडम माणूस म्हणून बऱ्या होत्या. सोमवारी पुन्हा एकदा बघू, पण ती शेवटची, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी वळले. आप्पा दारातच उभे होते, उपरण्यानं घाम पुसत. त्या क्षणी माझा इतक्या वर्षांचा धीर सुटला. घड्याळाकडं न बघता मी सरळ त्यांच्या तोंडावर बोलले.

"आप्पा, तुम्ही खाकरलात की मी उठणारच. माझ्या पायांना तीच शिकवण आहे. माझी नोकरी जाईल, आणि ती या उठण्यापायी जाईल."

सासूबाई आतून धावत आल्या.  आप्पा दिवाणापर्यंत गेले, बसले आणि घड्याळाकडंही बघितलं नाही. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नाही. खोटं कशाला सांगू. भीती मात्र वाटली. शनिवारी टेबल बदलायला माणूस आला, तर आप्पांनी त्याला हात वर करून परत पाठवलं. "ऱ्हाऊ द्या तसंच," एवढंच म्हणाले. का, ते कोणी विचारायला धजावलं नाही. दोन दिवस त्यांचं खाकरणं आणि खोकणं यांतला फरकच कळत नव्हता. रात्रभर छाती वाजायची.

सोमवारी सकाळी ते स्वतःहून सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसले. दार लोटून घेतलं. मी खुर्चीवर बसले, दिवाणाकडं पाठ करून. पडद्याच्या कोपऱ्यात माझा चेहरा छोट्या चौकटीत दिसत होता आणि त्याच्यामागं आमचा रिकामा हॉल. दुसरा खोटा ग्राहक पहिल्यापेक्षा इरसाल होता. त्याची आई ऑपरेशनला आत होती आणि तो माझ्यावर ओरडत होता. मी बोलत होते आणि त्या छोट्या चौकटीत काहीतरी हललं.

आतलं दार उघडलं होतं. आप्पा बाहेर आले होते, अनवाणी. उपरण्याचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, खांदे गचके खात होते. आवाज मात्र शून्य; मॅडम मान खाली घालून काहीतरी टिपत होत्या. त्यांचा दम्याचा पंप दिवाणाच्या उशाशी राहिला होता. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत ते तिकडं सरकत होते, माझ्या पाठीमागून.

माझे पाय हलले. आवाज नव्हता तरी हलले, कारण या वेळी मला खरंच उठायचं होतं, त्यांना धरायचं होतं. आणि तेवढ्यात पडद्यात त्यांना मी दिसले आणि मला ते. पाठ करून बसलेली सून आणि तिच्यामागचा सासरा, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. आप्पांनी मोकळा हात उचलला, तळवा खाली केला आणि हवेत दोनदा दाबला.

बस. बस.

मी बसून राहिले. त्या माणसाला मी सांगत होते की घाबरू नका, तुमच्या आईचं सगळं व्यवस्थित होईल, आणि माझा आवाज कसा स्थिर राहिला ते मला आजही कळत नाही. चौकटीत आप्पा दिवाणापर्यंत पोचले, पंप घेतला, दाराशी गेले. कडी अशी काढली की वाजली नाही. दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं, खूप खालच्या मजल्यावरून, खोकल्याची उबळ ऐकू आली. मॅडमना ती ऐकू गेली नाही.

"छान," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुम्ही घरून काम करू शकता."

मी हेडफोन फेकला आणि जिन्याकडं धावले. आप्पा खालच्या वळणावर पायरीवर बसले होते. धाप ओसरली होती, टोपी मांडीवर, उपरणं ओलं. मला बघून त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, नेहमीसारखी, ओढणी सावरत.

"झालं का म्हणावं हापिस?" त्यांनी कठड्याला विचारलं.

"नाही आप्पा, अजून सहापर्यंत आहे. चाचणी झाली. पास झाले."

आप्पांनी कठड्यावरची नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. सरळ, तोंडाकडं. त्यानंतर वर्षभरानं ते गेले आणि मधल्या काळात आम्ही पुष्कळ बोललो, पण ती पहिली वेळ होती.

"मंग उठलीस कशाला?" ते म्हणाले.

मी वर आले आणि खुर्चीवर बसले. मागून जिन्यात त्यांची पावलं सावकाश चढत आली. शेवटच्या पायरीवर थांबली. माझे पाय सवयीनं वाट बघत होते. मग उंबऱ्याशी पुन्हा थांबली. पडद्याच्या चौकटीत दार उघडलं, आप्पा दारात क्षणभर उभे राहिले, त्यांनी एक आवंढा गिळला, आणि न खाकरता घरात आले.